समुद्राला सातबारा नसतो

गेल्या बकरी ईदला आजोळी गेलो होतो. रत्नागिरी जिल्ह्यातलं एक बंदराचं गाव. जूनचा पहिला आठवडा होता, मासेमारी बंद झालेली, होड्या किनाऱ्यावर ओढून झापांनी शाकारलेल्या. दुपारच्या जेवणानंतर ओटीवर गप्पा रंगल्या आणि विषय जैतापूरवर आला. त्याच वर्षीच्या केंद्रीय बजेटमध्ये २०४७ पर्यंत १०० गिगावॅट अणुवीज उभारण्याची घोषणा झाली होती, त्यामुळे जुनी चर्चा पुन्हा ताजी झाली होती.

घरात इंजिनीयर मी एकटा. साहजिकच सगळे माझ्याकडे बघायला लागले. मीही तयारीत होतो. किरणोत्सार म्हणजे काय, एक्स-रेमध्ये तो किती असतो, विमानप्रवासात किती, कोळशाच्या धुराने माणसं कशी जातात, सगळं सांगितलं. वीस मिनिटं तरी बोललो असेन. मामूंनी जाळं शिवता शिवता ऐकून घेतलं आणि विचारलं, “ते सगळं ठीक आहे रे. गरम पाणी किती सोडणार आणि ते कुठवर जाणार, तेवढं सांग.”

मला सांगता आलं नाही. सॉफ्टवेअरमध्ये बारा वर्षं काढलेल्या माणसाला आकडे बोलताना बरं वाटतं, पण माझ्याकडचे सगळे आकडे मला पडलेल्या प्रश्नांचे होते, त्यांना पडलेल्या प्रश्नांचे नव्हते. हा लेख म्हणजे त्या दुपारचं उशिरा दिलेलं उत्तर. तेही अर्धंच.

आधी माझी बाजू स्पष्ट करतो, म्हणजे गैरसमज नको. मी अणुविजेच्या विरोधात नाही. आपल्या देशाची सत्तर टक्क्यांहून जास्त वीज अजून कोळशातून येते आणि अणुविजेचा वाटा जेमतेम तीन टक्के आहे. कोळशाच्या विजेची किंमत आपण बिलात भरतो त्यापेक्षा खूप जास्त आहे, पण ती चंद्रपूर, कोराडी, खापरखेड्याच्या आसपास राहणाऱ्यांच्या फुप्फुसातून वसूल होते. जगभरच्या अभ्यासांची बेरीज मांडली तर शंभर कोटी युनिट विजेमागे कोळशामुळे सुमारे २५ माणसं जातात. अणुविजेचा तोच आकडा, चेर्नोबिल आणि फुकुशिमा धरूनसुद्धा, एकापेक्षा कितीतरी कमी आहे. कार्बनचंही तसंच. एका युनिटमागे कोळशाचा धूर साधारण ८२० ग्रॅम कार्बन डायऑक्साइड सोडतो. अणुवीज, खाणीपासून कचऱ्यापर्यंत सगळं धरून, १२ ग्रॅमच्या आसपास. आणि हवामान बदलतंय याची पहिली झळ कुणाला बसतेय? किनाऱ्यालाच. वादळं वाढली, मासळीचे हंगाम सरकले, हे मामूंना कुठल्या अहवालाआधी कळलंय. २०२० चं निसर्ग आणि २०२१ चं तौक्ते कोकण विसरलेलं नाही.

किरणोत्साराच्या भीतीबद्दलही बोलायला हवं, कारण आपल्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर त्याचे जे फॉरवर्ड फिरतात त्यात निम्मे खोटे असतात. कुठल्याही आजारी मुलाचा फोटो लावायचा, खाली अणुऊर्जा प्रकल्पाचं नाव टाकायचं, झालं. आपल्याविरुद्ध अफवा पसरली की आपण ओरडतो, आणि इथे स्वतःच तपासल्याशिवाय पुढे ढकलतो. केरळमधल्या करुनागपल्लीच्या किनाऱ्यावर मोनाझाइटची वाळू आहे. तिच्यातल्या थोरियममुळे तिथला नैसर्गिक किरणोत्सार जगाच्या सरासरीच्या कित्येक पट आहे. तिथे पिढ्यान्‌पिढ्या लोक राहतात, मासेमारी करतात. जवळपास ७० हजार रहिवाशांचा वर्षानुवर्षं अभ्यास झाला, २००९ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले, त्यात कर्करोगाचं प्रमाण वाढलेलं आढळलं नाही. फुकुशिमातही किरणोत्साराने झालेला मृत्यू म्हणून जपान सरकारने मान्य केलेलं प्रकरण एकच आहे. पण घाईघाईने गावं रिकामी करताना, म्हातारी माणसं इस्पितळातून हलवताना, पुढे वर्षानुवर्षं तात्पुरत्या घरांत राहताना त्या एका प्रांतात दोन हजारांहून जास्त लोक दगावले. म्हणजे अणुभट्टीपेक्षा विस्थापन जास्त जीवघेणं ठरलं. ही गोष्ट अणुविजेचे समर्थक मोठ्या आवाजात सांगतात, आणि खरी आहे. फक्त तिचा अर्थ ते सांगतात तेवढाच नाही. विस्थापन ही काही किरकोळ बाब नाही, तीच मुख्य इजा असू शकते, असाही तिचा अर्थ होतो.

अजून एक कबुली. मी ज्या धंद्यात आहे तो वीज खातो. नवी मुंबई आणि परिसर हे देशातलं डेटा सेंटरचं सगळ्यात मोठं केंद्र आहे आणि एआयमुळे ही भूक वाढतेच आहे. अमेरिकेत २०२४ मध्ये मायक्रोसॉफ्टने करार केला तो थ्री माइल आयलंडच्या बंद पडलेल्या अणुभट्टीतून वीज घेण्यासाठी. (१९७९ मध्ये अपघात झाला ती शेजारची दुसरी.) तेव्हा ‘वीज कशाला हवी इतकी’ असं विचारायचा हक मला नाही. मी लिहितोय तो लॅपटॉप त्याच तारेला लावलेला आहे.

आता जैतापूर.

राजापूर तालुक्यातल्या माडबन, मिठगवाणे, करेल, निवेली या गावांच्या परिसरातली ९३८ हेक्टर जमीन प्रकल्पासाठी घेतली गेली. फ्रेंच बनावटीच्या सहा ईपीआर अणुभट्ट्या, प्रत्येकी १६५० मेगावॅट, एकूण ९९०० मेगावॅट. एका जागी एवढी अणुवीज आज जगात कुठेच तयार होत नाही. १६ मे २०१० ला माडबनमध्ये जनसुनावणी झाली, नोव्हेंबरात ३५ अटी घालून पर्यावरण मंजुरी मिळाली, डिसेंबरात मनमोहन सिंग आणि सार्कोझी यांच्या उपस्थितीत करार झाला. तीन महिन्यांनी, ११ मार्च २०११ ला, फुकुशिमा घडलं. आणि १८ एप्रिल २०११ ला नाटे गावात पोलीस ठाण्यावर गेलेल्या जमावावर गोळीबार झाला. त्यात साखरी नाट्यातला एक तरुण मच्छीमार मारला गेला.

तुमच्यापैकी अनेकजण तेव्हा प्राथमिक शाळेत असाल, म्हणून थोडं सविस्तर सांगतो. साखरी नाटे हे जैतापूर खाडीच्या पलीकडच्या तीरावरचं मच्छीमारांचं मोठं गाव, वस्ती बहुतांश मुसलमान. माडबनचे शेतकरी बहुतांश हिंदू. आंदोलन दोघांनी मिळून केलं आणि शिवसेनाही त्यात विरोधाच्या बाजूने उतरली. हे आज कुणाला सांगितलं तर विश्वास बसत नाही. आंब्याचा बागायतदार आणि बांगड्यावर जगणारा खलाशी यांना एकाच भाषेत बोलायला लावणारे प्रसंग आपल्या राज्यात फार येत नाहीत. म्हणून जैतापूरला ‘आपल्या लोकांचा’ प्रश्न म्हणून मांडायचा मोह टाळला पाहिजे. तो तसा कधीच नव्हता.

पण पुढे दोघांच्या वाटेला जे आलं त्यात फरक पडला. जमीन गेलेल्यांकडे सातबारा होता. आधी नुकसानभरपाई तुटपुंजी होती, लोक लढले, २०१३ मध्ये ती हेक्टरी साडेबावीस लाखांपर्यंत वाढवली गेली आणि बऱ्याच जणांनी धनादेश घेतले. यात त्यांचा दोष काढायचं कारण नाही, जमीन आधीच गेलेली होती. साखरी नाट्याची मात्र एक गुंठा जमीन प्रकल्पात गेली नाही, त्यामुळे सरकारी भाषेत ते प्रकल्पग्रस्त नव्हतेच. त्यांचं शेत म्हणजे समोरचा समुद्र. त्याला सातबारा नसतो. चार पिढ्या एका खडपाशेजारी जाळं टाकणाऱ्या माणसाकडे ते खडप त्याचं असल्याचा एकही कागद नाही. होडीच्या नोंदणीवर मालकाचं नाव असतं. त्या होडीवरचे पाच-सहा खलाशी, बंदरावर मासळी निवडणाऱ्या आणि सुकवणाऱ्या बायका, बर्फवाला, टेम्पोवाला, यांची नावं कुठेच नाहीत. नुकसान मोजायचं झालं तर मोजणार कुणाचं?

इथे मामूंच्या प्रश्नाकडे येतो. घरी परतल्यावर कागद-पेन घेऊन बसलो. सेकंड इयरची थर्मोडायनॅमिक्स, फार अवघड काही नाही.

ईपीआर अणुभट्टी साधारण साडेचार हजार मेगावॅट उष्णता तयार करते आणि तिच्यातून १६५० मेगावॅट वीज काढते. म्हणजे एक तृतीयांशाहून थोडी जास्त उष्णता विजेत बदलते, उरलेली फेकून द्यावी लागते. यात अणुभट्टीचा वेगळा असा काही दोष नाही. वाफेवर चालणाऱ्या प्रत्येक यंत्राचं हे असंच असतं, कोळशाचंही. सहा भट्ट्यांची फेकून द्यायची उष्णता होते सतरा हजार मेगावॅटच्या वर. ती समुद्राच्या पाण्यात सोडायची आणि ते पाणी सात अंशांनी तापू द्यायचं ठरवलं, तर दर सेकंदाला सुमारे सहाशे घनमीटर पाणी आत घ्यावं लागेल आणि तापवून बाहेर सोडावं लागेल. दिवसाला पाच हजार कोटी लिटरच्या वर. मुंबईला रोज साधारण चारशे कोटी लिटर पाणीपुरवठा होतो, त्याच्या तेरापट. तापमानवाढ पाच अंशांवर रोखायची म्हटलं तर पाणी आणखी वाढतं, कारण उष्णता तेवढीच राहते. फक्त ती जास्त पाण्यात वाटली जाते.

तर मामू, ‘किती’ याचं उत्तर हे. ‘कुठवर’ याचं उत्तर माझ्या कागदावर येत नाही. गरम पाणी हलकं, ते वरच्या थरात पसरतं. भरती-ओहोटी, वारा, किनाऱ्यालगतचा प्रवाह, पाणी सोडायचा बोगदा किती आत नेला, यावर ते किती लवकर निवेल हे ठरतं. अरबी समुद्र मोठा आहे, दहा-पंधरा किलोमीटरवर ट्रॉलर चालवणाऱ्याला कदाचित काही जाणवणारही नाही. जाणवेल ते लहान होडीवाल्याला, जो खाडीच्या तोंडाशी आणि खडपांच्या आसपासच मासे धरतो. शिवाय बाहेर सोडण्याइतकाच महत्त्वाचा भाग आत घेण्याचा. एवढं पाणी ओढताना मोठे मासे जाळीवर अडतात, पण अंडी आणि डोळ्यांना न दिसणारी पिल्लं पाण्याबरोबर आत जातात, कंडेन्सरच्या उष्णतेतून आणि शेवाळ धरू नये म्हणून टाकलेल्या क्लोरीनमधून जातात. खाडीची तोंडं ही माशांची पाळणाघरं असतात. ते नुकसान त्या दिवशीच्या जाळ्यात दिसत नाही, दोन-तीन वर्षांनी दिसतं, आणि तेव्हा म्हणता येतं की यंदा हंगामच वाईट.

लक्षात घ्या, इथवर मी एकाही अपघाताबद्दल बोललेलो नाही. हे सगळं काही बिघडलं नाही तर होणारं आहे. त्यात सुरक्षेची भर घाला. अणुप्रकल्पाभोवती पाच किलोमीटरपर्यंत वस्तीच्या वाढीवर नियंत्रण ठेवलं जातं आणि सोळा किलोमीटरपर्यंत आणीबाणीचं नियोजन करावं लागतं. समुद्राच्या बाजूने पहारा असणारच. २६/११ चे हल्लेखोर मच्छीमार नौकेवरून आले होते, त्यानंतर कोकणातल्या खलाशाला ओळखपत्र घेऊन समुद्रात जायची सवय झालीच आहे. नाव मुसलमान असलं की तपासणीला किती वेळ लागतो, हे मी तुम्हाला काय सांगू.

आणि बाजाराचं काय? फुकुशिमाच्या बंद प्रकल्पात साठवलेलं, प्रक्रिया केलेलं पाणी जपानने ऑगस्ट २०२३ पासून समुद्रात सोडायला सुरुवात केली. आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेने योजना तपासली होती, ट्रिटियमचं प्रमाण पिण्याच्या पाण्याच्या मर्यादेपेक्षाही खाली ठेवलं होतं. विज्ञानाच्या हिशेबाने आक्षेप घ्यायला फारशी जागा नव्हती. तरीही त्याच दिवशी चीनने जपानची सगळी समुद्री मासळी बंद केली. मासे निर्दोष होते, पण विकले गेले नाहीत. तिथल्या मच्छीमार संघटना आधीपासून हेच सांगत होत्या की आम्हाला किरणोत्सारापेक्षा बदनामीची भीती आहे. टोकियोने निदान त्यांच्यासाठी निधी बाजूला काढून ठेवला होता. रत्नागिरीची सुरमई ‘अणुभट्टीजवळची’ ठरली तर तिचा भाव पडेल, त्या दिवसासाठी आपल्याकडे काय बाजूला काढलंय?

आता अपघाताचं. शक्यता कमी आहे हे मी मानतो. पण कमी शक्यतेच्या धोक्यात सगळ्यात महत्त्वाचं यंत्र म्हणजे ते चालवणाऱ्या संस्थेचा स्वभाव. माझ्या धंद्यातलं उदाहरण देतो. ऑक्टोबर २०१९ मध्ये कुडनकुलम प्रकल्पाच्या संगणकात मालवेअर शिरल्याची बातमी बाहेर आली. २९ तारखेला प्रकल्पाने निवेदन काढलं की असं काही झालेलं नाही, आमच्या यंत्रणेवर सायबर हल्ला शक्यच नाही. ३० तारखेला अणुऊर्जा महामंडळाने मान्य केलं की मालवेअर सापडलं होतं, प्रशासकीय कामाच्या एका संगणकात, आणि सप्टेंबरच्या सुरुवातीलाच त्यांना ते कळलं होतं. अणुभट्टी चालवणारी यंत्रणा वेगळी आहे, तिला काही झालं नाही, हेही त्यांनी सांगितलं आणि त्यावर शंका घ्यायचं मला कारण दिसत नाही. मालवेअर कुठेही शिरतं, माझ्या कंपनीतही शिरलंय. पण ‘शक्यच नाही’ हे वाक्य ज्याच्या तोंडून सुटतं त्याच्या हाती मी सर्व्हरची चावी देणार नाही. आमच्याकडे काही बिघडलं की दुसऱ्या दिवशी एक टिपण लिहायचं असतं: काय झालं, कधी कळलं, कुणाला सांगितलं, पुन्हा होऊ नये म्हणून काय करणार. दोष कुणाचा हे त्यात लिहीत नाहीत, पण लपवलं तर नोकरी जाते. पेमेंट अॅपसाठी आम्ही हे करतो!

याच खात्याची दुसरी बाजूही आहे. ३१ मार्च १९९३ ला उत्तर प्रदेशातल्या नरोरा केंद्रात टर्बाइनची पाती तुटली, हायड्रोजन पेटला, आग केबलमधून पसरली आणि प्रकल्पाची सगळी वीज गेली. पर्यायी वीजपुरवठ्याच्या केबलही त्याच वाटेने गेल्या होत्या, त्याही जळाल्या. म्हणजे बॅकअप त्याच डिस्कवर ठेवण्यासारखं. जवळपास सतरा तास केंद्र अंधारात होतं. तेव्हा तिथले कर्मचारी टॉर्च घेऊन वर चढले आणि हाताने झडपा उघडून बोरॉन मिसळलेलं पाणी भट्टीत सोडलं, जेणेकरून साखळी प्रक्रिया पुन्हा सुरू होऊ नये. किरणोत्सार बाहेर आला नाही. त्या लोकांची नावं शाळेच्या पुस्तकात असायला हवी होती. आपल्याकडे कसबी आणि धाडसी माणसांची वानवा कधीच नव्हती. त्यांच्या वरिष्ठांना जाब विचारू शकेल अशा माणसांची आहे.

अणुऊर्जा नियामक मंडळ १९८३ मध्ये स्थापन झालं ते सरकारी आदेशाने, संसदेच्या कायद्याने नव्हे. ज्या खात्याचे प्रकल्प तपासायचे, त्याच खात्याच्या उतरंडीत ते बसवलेलं होतं. २०१२ मध्ये कॅगने यावर नेमकं बोट ठेवलं. डिसेंबर २०२५ मध्ये संसदेने ‘शांती’ नावाचा नवा कायदा केला, त्यात या मंडळाला अखेर वैधानिक दर्जा मिळाला. ही चांगली गोष्ट आहे, आणि ती व्हायला बेचाळीस वर्षं लागली. पण त्याच कायद्याने खासगी कंपन्यांना अणुवीज क्षेत्र खुलं केलं आणि पुरवठादाराची जबाबदारी सैल केली.

हे शेवटचं नीट समजून घेऊ या, कारण यावर चर्चा जवळजवळ झालीच नाही. २०१० च्या कायद्यात १७ (ब) नावाचं एक कलम होतं. यंत्रसामग्रीत दोष असल्यामुळे अपघात झाला, तर प्रकल्प चालवणाऱ्याला पुरवठादाराकडून वसुली करता यायची. जगात असं कलम दुर्मीळ आहे आणि ते आपल्याकडे आलं त्यामागे भोपाळ होतं. १९८४ च्या त्या रात्री जुन्या भोपाळच्या गरीब वस्त्यांवर गॅस पसरला. १९८९ मध्ये ४७ कोटी डॉलरवर तडजोड झाली आणि मेलेल्यांचे वारस चाळीस वर्षांनंतरही अर्ज घेऊन फिरत आहेत. परदेशी कंपन्या या कलमाला घाबरून थांबल्या, असं सरकारचं म्हणणं. असेल. नव्या कायद्यात सदोष मालासाठीचा तो हक काढून टाकला; करारात लिहिलं असेल तर किंवा मुद्दाम केलेलं असेल तरच वसुली. सगळ्यात मोठ्या अणुभट्ट्या चालवणाऱ्याची जबाबदारी ३००० कोटी रुपयांवर थांबते, त्यापुढचा भार सरकारवर. फुकुशिमाचा खर्च जपान सरकारने २३ लाख कोटी येनच्या वर धरलाय, रुपयांत बारा लाख कोटींच्या पुढे. ईपीआर इतकी सुरक्षित आहे तर तिच्या निर्मात्याला तिची हमी द्यायला अडचण काय, एवढा साधा प्रश्न आहे. मोबाइलच्या चार्जरलाही वॉरंटी असते.

खर्चाचं एका वाक्यात सांगतो, कारण तो मुद्दा तुम्हाला कुठेही वाचायला मिळेल. फ्रान्सच्या स्वतःच्या किनाऱ्यावर फ्लामाँव्हिलला २००७ मध्ये सुरू केलेली ईपीआर २०१२ ला ३.३ अब्ज युरोत व्हायची होती, ती डिसेंबर २०२४ मध्ये ग्रिडला जोडली गेली आणि खर्च १३ अब्जांच्या वर गेला. तशा सहा आपल्याला हव्या आहेत, आणि करारानंतर पंधरा वर्षांनी माडबनच्या सड्यावर एकही भट्टी उभी नाही. जमीन मात्र कुंपणात आहे.

दीनी अंगाने विचार करणाऱ्या मित्रांसाठी दोन गोष्टी. आपल्या फिकहमध्ये एक मूळ सूत्र आहे की फायद्यासाठीसुद्धा दुसऱ्याला इजा लादता येत नाही. आणि रसूलुल्लाहची (स.) एक शिकवण अशी की पाणी, चारा आणि आग या तीन गोष्टींत सगळे माणसं भागीदार आहेत. आलिमांनी आगीच्या अर्थात इंधन धरलंय. म्हणजे वीज सगळ्यांची आहे, मला पुण्यात मिळते तशी नाट्यातही मिळाली पाहिजे. आणि समुद्रही सगळ्यांचा आहे. भागीदारीत नफा एकाचा आणि तोटा दुसऱ्याचा असा करार शरीयतला मान्य नाही, हे तर छोटं दुकान चालवणाऱ्या आपल्या कुठल्याही चाचांना ठाऊक असतं. माझा अणुविजेला असलेला पाठिंबा या अटीवर अडतो. मच्छीमाराला प्रकल्पग्रस्त म्हणून लेखी मान्यता, खलाशी आणि बायका धरून. प्रकल्पाच्या पैशातून पण प्रकल्पाच्या ताब्यात नसलेली समुद्राची कायम मोजणी, तिचे आकडे मराठीत, दर महिन्याला, बंदरावर लावलेले. आणि पुरवठादाराची हमी परत. एवढं होणार असेल तर मी स्वतः ओटीवर बसून मामूंशी वाद घालीन. होणार नसेल तर जैतापूरला माझा विरोध आहे, आणि तो विज्ञानाला केलेला विरोध आहे असं कुणी म्हटलं तर त्याला आधी वरचं गणित करून दाखवायला सांगीन.

कागद नाही म्हणून हक नाही, यावर आपण काही करू शकतो का? मला एक गोष्ट सुचली, ती इंजिनीयरला सुचावी तशीच रुक्ष आहे. नंतर नुकसान सिद्ध करायचं तर आधीचं मोजमाप हवं. सरकारी संस्था मासळीची आकडेवारी गोळा करतात, पण ती निवडक बंदरांच्या नमुन्यांवरून, जिल्ह्याच्या आणि राज्याच्या पातळीवर. अमुक खडपाजवळ अमुक होडीला काय मिळत होतं हे त्यातून निघत नाही. ते होडीवाल्यानेच लिहून ठेवलं पाहिजे. तारीख, निघायची आणि परतायची वेळ, किती वाव पाण्यात जाळं टाकलं, काय मिळालं, किती टोपल्या, काय भाव. जमलं तर साध्या थर्मामीटरने पाण्याचं तापमान. एका होडीची दहा वर्षांची वही अदालतीत किती टिकेल सांगता येत नाही, पण पन्नास होड्यांच्या वह्या कुणाला सहज बाजूला सारता येणार नाहीत. आणि प्रकल्प आलाच नाही तरी वाया जाणार नाहीत. समुद्र तर तसाही तापतोय.

नारळी पौर्णिमेनंतर होड्या पुन्हा पाण्यात गेल्या तेव्हा मी मामूंच्या धाकट्या मुलीला, आठवीत आहे ती, मोबाइलवर एक साधा फॉर्म बनवून पाठवला. पहिल्या आठवड्यात तिने कळवलं की फॉर्म चुकलाय. त्यात मी माशांची यादी दिली होती, बांगडा, सुरमई, पापलेट, कोळंबी अशी, हॉटेलच्या मेनूकार्डावर असते तशी. “भाईजान, ह्यात निम्मे मासेच नाहीत. आणि रिकामी होडी आली तर कुठं भरायचं?” मी यादी काढून टाकली, मोकळी जागा ठेवली आणि ‘काही मिळालं नाही’ असा एक रकाना वाढवला. मार्चअखेरपर्यंतच्या तिच्या नोंदी माझ्याकडे आहेत. त्या रकान्यात सत्तावीस खुणा आहेत.